डोबेनाउच्या ऑर्गनची दुरुस्ती

डोबेनाउ, ६ मार्च २०११

प्रिय फोल्कमार,

आधी खुर्ची ओढून बस, मग वाच. आपल्या चर्चच्या ऑर्गनचं काम होणार!

काल पाळकबाई सायकलवरून माझ्या फाटकाशी आल्या आणि हेल्मेटसुद्धा न काढता ओरडल्या, "प्रिगेबाई, झालं! मंजूर झालं!" मी कोंबड्यांना सालं टाकत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ओल्या गवतात तशीच बसले. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

आपले बाबा गेल्यापासून मी ऑर्गनच्या त्या बाकावर बसतेय आणि आलेल्या प्रत्येक पाळकाला तेच सांगतेय. आधीच्या कम्युनिस्ट राजवटीत सांगायचीही चोरी होती. नंतर म्हणाले आधी छप्पर, मग मनोरा, मग चर्च तापवायची सोय. तोवर भात्याला मी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावत बसले. माझा होर्स्ट जिवंत असताना तो वर चढून लावायचा. तो गेल्यावर मीच चढते.

गेल्या महिन्यात म्हाताऱ्या बोडेला पोचवताना शेवटच्या गीतात वरचा एक सूर अडकला. गीत संपलं, मी हात काढले, तरी तो आपला रडतोय. शवपेटी दाराबाहेर गेली तरी रडतोय. मोटर बंद केली तेव्हा भात्यातली हवा सरेपर्यंत घसरत घसरत गप्प झाला. बोडेची सून म्हणाली, "एवढं तर आमच्या घरात कुणी रडलं नाही."

आता तुझं मत हवं. एक बेत असा, की जुनं आहे तसं नीट करायचं. दुसरा असा, की जुनं नीट करायचंच, शिवाय खाली मंडळींच्या बाकांसमोर चाकांवरचं, वाजवायच्या पट्ट्यांचं दुसरं मेज ठेवायचं, विजेवर चालणारं, म्हणजे मैफलीत वाजवणारा लोकांना दिसेल. आणि एक यंत्र बसवायचं. आपण जे वाजवू ते टिपून ठेवतं आणि पुन्हा तसंच्या तसं नळ्यांतून वाजवतं. पाळकबाईंना उन्हाळ्यात मैफली करायच्यात. एल्बे नदीच्या काठाने सायकलवाले जातात ते आपल्याकडे वळतील म्हणे.

तू आयुष्यभर तिकडे पश्चिम जर्मनीत ऑर्गनच बांधलेस. सांग, यातलं काय घ्यावं? मला ते यंत्र जरा भुतासारखं वाटतं.

अंकेवहिनीला प्रेम.
तुझी
गेरलिंडे


लेअर, १९ मार्च २०११

प्रिय गेरलिंडे,

तुझं पत्र मी अंकेला मोठ्याने वाचून दाखवलं. बोडेच्या सुनेपाशी आल्यावर तिला ठसका लागला, चहा सगळा टेबलक्लॉथवर.

माझं मत विचारशील तर दुसरा बेत घे. तुझं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय. पण जुन्या नळ्यांना, जुन्या लाकडाला कुणी हात लावत नाही. वरचं मेज तुझं तसंच राहतं, बाबांच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्यांसकट. बाकीचं नुसतं तारांनी जोडलेलं असतं. उद्या नको झालं तर तारा कापल्या की संपलं. असली जोडणी मी कितीतरी चर्चमध्ये केली, एकही ऑर्गन त्याने मेला नाही. बंद कुलपामागे मात्र बरेच मेले.

यंत्राचं म्हणशील तर भूतबीत काही नाही. पट्टी कधी दाबली, कधी सोडली, एवढंच ते लक्षात ठेवतं. तू वाजवायचंस आणि खाली जाऊन बाकावर बसून स्वतःला ऐकायचंस. स्वतःचं वाजवणं आपल्या चर्चमध्ये बसून ऐकायला बाबांना कधी मिळालं का?

पाळकबाईंचा मला फोन आला होता. बराच वेळ बोललो. शहाणी बाई आहे. त्यांच्या गळ्यात एवढी गावं बांधलीत, त्यांचीही ओढाताण आहे. तू त्यांच्याशी भांडू नकोस.

दुरुस्तीचं काम व्हेंडलरला देताहेत हे चांगलं. त्याचे कान चांगले आहेत, तोंड जरा सैल आहे.

तुझा
फोल्कमार


डोबेनाउ, २४ जुलै २०११

प्रिय फोल्कमार,

तुझं ऐकलं. दुसरा बेत घेतला.

आता वरचा ऑर्गनचा सज्जा रिकामा आहे. नळ्या उतरवल्या त्या दिवशी मी घरी थांबायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. मोठ्या नळ्या लोकांनी खांद्यावरून नेल्या, अगदी माणूस नेतात तशा. लहान नळ्या लोकरीच्या कापडात गुंडाळून पेट्यांत. आतून काय काय निघालं! मेलेली वटवाघळं, बाबांचा चष्मा आणि उंदरांनी स्तोत्रांच्या पुस्तकांची पानं कुरतडून केलेलं घरटं. व्हेंडलर म्हणाला, "तुमचे उंदीर फार धार्मिक दिसतात, प्रिगेबाई."

ऑर्गन जिथे होता तिथे भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका डाग उरलाय. रविवारी मी तिकडे बघायचं टाळते.

उपासनेला सध्या सभागृहातली पायपेटी आणून वाजवतेय. तिचा आवाज दुसऱ्या बाकाच्या पलीकडे जात नाही. एल्फ्रीडे श्टापेनबेक सगळ्यांना ओढून नेते. नव्वदीला आली, काठीशिवाय उभी राहत नाही, पण गळा असा की खिडक्या वाजतात. फक्त दम पुरत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबते, फुफ्फुस भरून घेते आणि पुन्हा सुटते. बाकीचेही तिच्याबरोबर थांबतात. बाहेरचं कुणी आलं तर त्यांना वाटतं या गावची गीतंच अशी आहेत.

एक सांगायचं राहिलं. पाळकबाई म्हणतात, ऑर्गन परत आला की मी पुस्तकातली सगळी गीतं त्या यंत्रात वाजवून ठेवायची. सगळी! बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयताचीसुद्धा. मी विचारलं, "एवढी कशाला?" तर म्हणाल्या, "तुम्ही आजारी पडलात तर?" मी कधी आजारी पडले? स्वतःच्या नवऱ्याला, होर्स्टला पुरलं त्या दिवशीसुद्धा मीच वाजवलं. पण बाई मनाने चांगली आहे. माझी काळजी करणारं कुणीतरी आहे हे बरंच वाटलं.

तुला काय वाटतं?

गेरलिंडे


लेअर, ८ ऑगस्ट २०११

प्रिय गेरलिंडे,

वाजवून ठेव. अगदी सगळी. नीट तयारी करून, सावकाश.

बाबांचा एकही सूर आपल्याकडे नाही. मला त्यांची पाठ आठवते, डावा खांदा उचलायचे तो आठवतो, पण ते वाजवायचे कसे, हे मी कितीही डोळे मिटले तरी ऐकू येत नाही. तुझं तसं होऊ नये.

पाळकबाई काय म्हणतात यात फार शिरू नकोस. त्यांना वरून जे सांगतात ते त्या करतात.

यंदा मी येऊ शकत नाही, अंकेच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. उद्घाटनाला मात्र नक्की. चष्मा जपून ठेव.

फोल्कमार


डोबेनाउ, १० मे २०१२

प्रिय फोल्कमार,

तो घरी आला.

व्हेंडलरने पहिल्यांदा नळ्यांत हवा सोडली तेव्हा आत कुठेही फुसफुस नाही, कण्हणं नाही. मी बसले, नळ्यांची एकच रांग उघडणारी खुंटी ओढली आणि एकच पट्टी दाबली. फोल्कमार, मला इतकी वर्षं वाटायचं आपला ऑर्गन घोगरा आहे. तो घोगरा नव्हताच. तो घाण झाला होता. मी आयुष्यभर एका आजारी माणसाशी बोलत होते आणि तोच त्याचा आवाज समजत होते. मी तिथेच रडले. व्हेंडलर नळीत डोकं घालून उगाच काहीतरी घासत बसला.

आता रोज दुपारी यंत्रासाठी वाजवते. ते मात्र जमत नाही रे. चर्च रिकामं, बाकं रिकामी. पहिल्या दिवशी ओळीच्या शेवटी मी नेहमीसारखी थांबले. व्हेंडलर खालून ओरडला, "का थांबलात? काही अडकलं का?"

मी म्हटलं, "एल्फ्रीडेला श्वास घ्यायचाय."

त्याने मागे वळून बाकं बघितली. "कोण एल्फ्रीडे?"

मग त्याने सांगितलं की पाळकबाईंचा निरोप आहे, मधे फार जागा सोडू नका, लोकांना वाटतं यंत्र बंद पडलं. शिवाय त्यांना एकाच सकाळी तीन गावं करायची असतात. म्हणून सगळं पुन्हा वाजवलं, न थांबता. रिकाम्या चर्चमध्ये हात आपोआप पळतात, अडवायला कुणाचा गळा नसतो. काल खाली बसून एक गीत ऐकलं. सगळे सूर बरोबर. पण माझ्या ओळखीची बाई वाटेना.

असो. आजारी पडले तर कामाला येईल.

भाजीची पांढरी शतावरी आली आहे, पार्सलने पाठवते. अंकेचा गुडघा कसा आहे?

गेरलिंडे


लेअर, १४ ऑक्टोबर २०१२

प्रिय गेरलिंडे,

उद्घाटनाहून येऊन पाच आठवडे झाले आणि तुझी एक ओळ नाही. फोन करतो तर उचलत नाहीस. पहिल्यांदा वाटलं बाहेर गेली असशील. मग अंके म्हणाली, "गेरलिंडे बाहेर जाऊन जाऊन जाणार कुठे?"

मी अजून त्या संध्याकाळीच आहे. बर्लिनहून आलेला तो वादक खाली चाकांच्या मेजावर बसला आणि लोक मान उंचावून पायपट्ट्यांवर फिरणारे त्याचे पाय बघत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेला वर तू! लोक ओळीच्या शेवटी थांबत होते, तू थांबत होतीस, सगळं चर्च एका छातीने श्वास घेत होतं. मी इतके ऑर्गन बांधले, पण ते कशासाठी असतात हे त्या सकाळी कळलं.

जेवणाच्या वेळी तू किती हसत होतीस! गावातल्या मेव्हेसला म्हणालीस, "आता मी शंभरीपर्यंत वाजवणार, तुला पोचवूनच उठणार." आणि मग हे मौन. मी काही चुकीचं बोललो का?

लिही. एक ओळ तरी.

फोल्कमार


डोबेनाउ, ४ नोव्हेंबर २०१२

फोल्कमार,

तू गेलास त्यानंतरच्या मंगळवारी पाळकबाई उरलेला बटर-केक घेऊन आल्या. मी कॉफी टाकली. त्यांनी केकचा तुकडा बोटाने चुरला, खाल्ला नाही. मग म्हणाल्या, "प्रिगेबाई, वर्षाच्या शेवटी तुमचं काम थांबेल. आता आसपासच्या गावांची चर्चमंडळं एकत्र झाली, कुठल्याच गावात वादकाची जागा ठेवलेली नाही. गीतं यंत्र वाजवेल. तुमचीच, तुमच्याच हातची. ते किती सुंदर आहे नाही का?"

मी म्हटलं, "आजारी पडले तर, असं म्हणाला होतात."

त्या लाल झाल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या भावाशी मी सुरुवातीलाच सगळं बोलले होते. ते म्हणाले, तिला मी सांगतो, योग्य वेळ बघून."

त्या गेल्यावर मी दोन्ही कप धुतले. केक कोंबड्यांना टाकला.

मला मोठं पत्र नको आहे. गुडघ्याचं नको, चहाचं नको. तुला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

गेरलिंडे


लेअर, ९ नोव्हेंबर २०१२

गेरलिंडे,

हो.

एवढंच मागितलंस, पण एवढ्यावर मला थांबता येत नाही, माफ कर. त्या फोनवर पाळकबाई म्हणाल्या, वादकाशिवाय चर्च चालेल असं दाखवलं तरच मंजूर झालेले पैसे हातात पडतील. नाहीतर ऑर्गन आहे तसा कुजणार आणि एक दिवस कुलूप. मी विचार केला, तुला सांगितलं तर तू भांडशील आणि सगळं मोडेल. किंवा भांडणार नाहीस, मुकाट हो म्हणशील, आणि पुढचं दीड वर्ष ते मनात घेऊन वाजवशील. मला वाटलं, हे दीड वर्ष तरी तुला आनंदात जाऊ दे. ऑर्गन की तू, असं तुला विचारलं असतं तर तू ऑर्गनच म्हणाली असतीस. मला खात्री होती. अजून आहे.

मी सांगायला आलो होतो. उद्घाटनाच्या जेवणात सांगणार होतो. तू हसत होतीस.

अंकेला हे आज कळलं. ती माझ्याशी बोलत नाही.

फोल्कमार


डोबेनाउ, १७ फेब्रुवारी २०१३

फोल्कमार,

तुझं "हो" मिळालं. नाताळाचं कार्डही मिळालं, अंकेने एकटीने सही केलेलं.

मी ऑर्गनच म्हणाले असते, हे तू बरोबर लिहिलंस. पण ते मी म्हणायचं होतं. माझ्या ताटात काय वाढलंय ते बघून मी खाल्लं असतं. तू वर झाकण ठेवून वाढलंस आणि मी दीड वर्ष "वा, काय छान" म्हणत जेवत होते. सगळी गीतं मी स्वतः वाजवून दिली. मयताचीसुद्धा.

आता यंत्राचा रविवार कसा असतो ते ऐक.

पहिल्या रविवारी जाणार नव्हते. पण एल्फ्रीडे दाराशी आली काठी आपटत. "चल, तू गेली नाहीस तर मला हात कोण देणार?" आता वर मी नसते, हे तिला मी कसं सांगू? जन्मात पहिल्यांदा उपासनेला खाली बसले, पहिल्या बाकावर, तिच्या शेजारी. खालून वर बघितलं तर सज्जा फार उंच दिसतो. कठड्यामुळे वर कुणी आहे की नाही तेही दिसत नाही.

पाळकबाईंनी हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर बोट दाबलं आणि ऑर्गन सुरू झाला. सुंदर, स्वच्छ. सगळे उभे राहिले, गायला लागले. पहिल्या ओळीच्या शेवटी एल्फ्रीडे थांबली, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं तोवर ऑर्गन पुढच्या ओळीच्या मध्यावर. ती धावली. पुन्हा मागे पडली. मागे मेव्हेस आणि बाकीचे कधी तिच्याबरोबर, कधी ऑर्गनबरोबर, सगळा गोंधळ. मीसुद्धा गात होते, फोल्कमार, आणि मलाही गाठता येईना. माझेच हात आणि माझ्याच गळ्याला जुमानत नव्हते.

तिसऱ्या कडव्यात एल्फ्रीडेने काठी जमिनीवर आपटली, मान वर केली आणि सज्जाकडे बघून सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी ओरडली, "गेरलिंडे, थांब की गं जरा! मेले मी!"

मी तिच्या शेजारी होते. तिचा दंड माझ्या हातात होता.

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "एल्फ्रीडे, मी इथे आहे." तिने माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "मग वर कोण आहे?"

"कुणी नाही."

ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. हळूहळू बाकीच्यांनीही तोंडं मिटली. उरलेली कडवी ऑर्गनने एकट्याने पूर्ण केली, एकही न गाळता.

नंतर मी पाळकबाईंना गाठलं. म्हटलं, "मला काही देऊ नका. मी आहेच, हात आहेत, मी वाजवते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. म्हणाल्या, "प्रिगेबाई, एका गावात असं फुकट चालू दिलं तर बाकीच्या गावांतल्या वादकांना मी काय तोंड दाखवू? त्यांनाही घरी पाठवलंय. आणि खरं सांगू? यंत्रावर मला पुढच्या गावी वेळेत पोचता येतं. तुमच्यावर नाही पोचता यायचं." मग गाडी सुरू करून गेल्या.

त्या वाईट नाहीत. तेच सगळ्यात जास्त टोचतं. कुणीच वाईट नाही. मग मी रागवायचं कुणावर?

तूही वाईट नाहीस. पण अजून काही दिवस पत्र लिहू नकोस.

गेरलिंडे


लेअर, २ एप्रिल २०१३

गेरलिंडे,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. फेकून द्यायचं तर दे.

तुझं पत्र मी रोज वाचतो. अंके म्हणते, "वाचून काय होणार, काही कर." तर ऐक. वरच्या मेजाच्या मागच्या फळीआड एक काळी डबी आहे, हाताच्या पंजाएवढी. तुझी सगळी गीतं तिच्यात आहेत. असल्या डब्या मी डोळे मिटून काढतो. मी येतो. एका दुपारचं काम. डबी एल्बेत टाकू. मग रविवारी त्यांना तुला बोलवावंच लागेल. जे व्हायचं ते माझ्यावर होऊ दे, या वयात मला कोण काय करणार?

फक्त ये म्हण.

फोल्कमार


लेअर, ३० जून २०१३

गेरलिंडे,

तुझं उत्तर नाही. न बोलावता यायला माझी हिंमत होत नाही. एल्बेला पूर आला होता, बातम्यांत डोबेनाउचं नाव ऐकलं. एवढंच कळव की घर कोरडं आहे.

फोल्कमार


डोबेनाउ, २४ नोव्हेंबर २०१३

फोल्कमार,

घर कोरडं आहे. पाणी कुरणापर्यंत आलं आणि परत गेलं.

आज मृतांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, प्रत्येकासाठी मेणबत्ती लावली. एल्फ्रीडेचं नाव वाचलं. गेल्या महिन्यात गेली. बटाटे सोलत बसली होती, सून पाणी आणायला आत गेली, परत आली तोवर संपलं होतं. त्या पहिल्या यंत्राच्या रविवारनंतर ती चर्चमध्ये आली नव्हती. मी तिच्याकडे जायचे, तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी गायचो. सून टीव्हीचा आवाज वाढवायची.

डबीचं म्हणशील तर येऊ नकोस. मला मोह झाला नाही असं नाही. एका दुपारी मी वर गेले होते, मागची फळी हाताने चाचपली. पण डबी गेली तर रविवारी काहीच वाजणार नाही. ते मला बोलावणार नाहीत, नुसतं वाचून मोकळे होतील. उन्हाळ्यातल्या मैफली मात्र चालू आहेत. सायकलवाले येतात, खाली त्या चाकांच्या मेजाचे फोटो काढतात. पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे महिन्यातून एकदाच उपासना असणार.

एल्फ्रीडेच्या दफनाला मी पाळकबाईंना म्हटलं, "हिच्यासाठी मी वाजवणार. यंत्र लावलंत तर मी मधेच मोटर बंद करीन." त्या लगेच हो म्हणाल्या. माझा हात हातात घेतला. "अवश्य, प्रिगेबाई, अवश्य."

मी लवकर गेले, लोक यायच्या आधीच वर जाऊन बसले. हात कडक झालेत रे. दोन ठिकाणी चुकले, पायांनी एकदा भलतीच पट्टी दाबली. पण ओळीच्या शेवटी थांबत होते. आधी कुणी गात नव्हतं. त्यांची सवय गेली आहे, त्यांनी तोंडं मिटूनच घेतली होती. दुसऱ्या कडव्यात मेव्हेसचा आवाज आला. मग त्याच्या बहिणीचा. मग आणखी कुणाकुणाचे. तिसऱ्या कडव्यात ते श्वास घेत होते, मी थांबत होते, ते पुन्हा सुरू होत होते. मला खालचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ज्या गळ्यासाठी मी थांबायला शिकले तो तेवढा त्यात नव्हता.

शवपेटी बाहेर गेली तेव्हा मी खुंट्या आत ढकलल्या आणि खाली उतरले. पाळकबाईंना पुढच्या गावी मयताला जायचं होतं, त्या कबरीपासूनच निघाल्या. कॉफीला सभागृहात सगळे होते. मी मेव्हेसच्या शेजारी बसले. त्याने बटर-केकचा तुकडा कॉफीत बुडवला आणि मला म्हणाला, "गेरलिंडे, तू मागे कुठे बसली होतीस? दिसली नाहीस."

मी काही बोलायच्या आत त्याची बहीण म्हणाली, "पण आज यंत्र बरं चाललं, नाही का? मधे मधे थांबत होतं. आपल्याला दम घेऊ देत होतं."

"तेच म्हणतोय मी," मेव्हेस म्हणाला. "इतक्या तक्रारी केल्या, शेवटी दुरुस्त केलेलं दिसतंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑर्गनमधलं मला कळतं ना, म्हणून.

एल्फ्रीडे असती तर पहिल्याच ओळीला तिने ओळखलं असतं. बाकी कुणाला सांगून काय उपयोग होता?

मी म्हटलं, "हो. दुरुस्त केलं."

अंकेला माझं प्रेम सांग. नाताळाला येऊ नका. इस्टरचं मग बघू.

गेरलिंडे